खांबाशी बोलता येत नाही

भिलाईतल्या मरोद्याच्या माणसाचे दोन वेग असतात. एक पोलाद कारखान्याच्या गेटाच्या आतला आणि एक बाहेरचा. आत त्याची स्कूटर अशी चालते की मागून पायी येणारा ठेकेदाराचा माणूसही तिला गाठेल. हेल्मेट डोक्यावर, पट्टा हनुवटीखाली आवळलेला. रुळांच्या क्रॉसिंगला पाय टेकवून डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, आणि मनाचं समाधान म्हणून पुन्हा एकदा डावीकडे. कारण आत सीआयएसएफचा जवान उभा असतो आणि रुळांवरून वितळलेल्या लोखंडाचे लॅडल जातात. दोघांशीही वाद घालायची सोय नसते. दुपारी पाळी सुटते, गेट मागे पडतं आणि तेच हेल्मेट कोपरात जातं. मग कोपराला कसलीही इजा होणार नाही याची पुरेपूर काळजी घेत तोच माणूस क्वार्टरकडे असा निघतो, की रस्त्याकडेची भाजीवाली आधी टोपली मागे ओढते आणि मग कोण गेलं ते बघते.

भिलाईची पहिली झोतभट्टी 1959 साली सुरू झाली. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद स्वतः उद्घाटनाला आले होते. नोकरीच्या निमित्ताने विदर्भातली कितीतरी घरं इकडे आली आणि इथलीच झाली. 2000 साली मध्य प्रदेशातून छत्तीसगड वेगळं निघालं, गाड्यांच्या पाट्यांवर सीजी 07 आलं, मुलं छत्तीसगडीत भांडायला लागली. पण मराठी घराचं नागपूर काही सुटलं नाही. कुणाची मावशी महालात, कुणाचा मेहुणा प्रतापनगरात, कुणाचं कुलदैवत त्याच्याही पुढे. दिवाळी, लग्न, बारसं, मोतीबिंदू, काहीही असो, गाडी निघते ती राष्ट्रीय महामार्ग 53 वरून, दुर्ग, राजनांदगाव, देवरी, साकोली, भंडारा करत. अंतर साधारण 260 किलोमीटर.

आणि पोचल्यावर पहिला प्रश्न येतो, "किती तासांत आलात?"

तब्येत, पाऊस, पोराचं शिक्षण, सगळं नंतर. या प्रश्नाला खरं उत्तर देणारा माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. पाच तास लागले म्हणून सांगितलं तर समोरचा अशा दयेने बघतो की जणू आपण बैलगाडीतून आलोय. म्हणून जेवणाचा वेळ वजा होतो, चहाचा वजा होतो, पेट्रोलची रांग वजा होते, भंडाऱ्यात चुकलेला रस्ता तर धरतच नाहीत. शेवटी उरतात ते "तीन तास, आरामात". या 'आरामात'ला फार महत्त्व आहे. म्हणजे मनात आणलं असतं तर अडीचमध्येही आलो असतो, पण सोबत आई होती.

या वजाबाकीत एकच गोष्ट आडवी येते. ती पांढऱ्या गणवेशात झाडाखाली उभी असते.

वेगवान गाडीला पकडणं हा धंदा गाडीइतकाच जुना आहे. जानेवारी 1896 मध्ये इंग्लंडमधल्या केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ मोटार घेऊन निघाले. गावातली वेगमर्यादा होती ताशी 2 मैल. गाडीच्या पुढे एक माणूस चालत जायला हवा होता, तोही नव्हता. अर्नोल्डसाहेब चालले होते ताशी 8 मैलांनी, म्हणजे आपल्या हिशेबात 13 किलोमीटर. एका शिपायाने हे पाहिलं, सायकलवर टांग मारली आणि पाच मैल पाठलाग करून गाडी पकडली. अतिवेगाबद्दल दंड झाला एक शिलिंग. इथं लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की मोटार हे जगातलं नवं नवलाईचं वाहन, आणि तिला सायकलने पकडलं. त्या दिवसापासून मोटारवाल्याच्या मनात पोलिसाबद्दल जो सल आहे, तो अजून गेलेला नाही.

पुढे शिपाई हुशार झाले. रस्त्याचा एक तुकडा मोजून घ्यायचा, एका टोकाला एकाने झुडपात बसायचं, दुसऱ्या टोकाला घड्याळवाल्याने. खूण झाली की घड्याळ सुरू. मोटारवालेही काही कमी नव्हते. 1905 साली त्यांनी ऑटोमोबाइल असोसिएशन काढली. संस्थेची माणसं सायकलवरून रस्त्याने फिरत आणि पुढे पोलीस दडले आहेत हे सभासदांना कळवत. 1910 मध्ये कोर्टाने ठरवलं की अशी सूचना देणं म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा आणणं. मग संस्थेने जी युक्ती काढली ती आपल्याकडच्या कुठल्याही नामांकित वकिलाने मान डोलवावी अशी होती. सभासदाची गाडी आली की सायकलवाला अदबीने सलाम करायचा. ज्या दिवशी सलाम केला नाही, त्या दिवशी सभासदाने गाडी थांबवून विचारायचं, "का रे, आज सलाम नाही?" सूचना दिली तर गुन्हा होईल, पण न केलेल्या सलामाबद्दल कुठलं कोर्ट शिक्षा देणार?

आपल्याकडे त्या सलामाचं काम डिपर करतो. समोरून येणारा ट्रकवाला दोनदा दिवे मिचकावतो आणि आपण ब्रेकवर पाय ठेवतो. एरवी त्याच ट्रकवाल्याने ओव्हरटेक करू दिलं नाही म्हणून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेला असतो. पण पोलीस म्हटलं की सारा महामार्ग एका ताटात जेवतो. जात, धर्म, राज्य, टायरची संख्या, कसलाच भेद राहत नाही. राष्ट्रीय एकात्मता प्रत्यक्ष पाहायची असेल तर इंटरसेप्टरच्या अलीकडच्या दोन किलोमीटरमध्ये पाहावी.

इंटरसेप्टर म्हणजे आत वेग मोजण्याची बंदूक ठेवलेली पोलिसांची गाडी. ही बंदूक काम कशी करते ते मरोद्याच्या माणसाला फार समजावून सांगावं लागत नाही. दल्लीराजहराहून खनिज घेऊन येणारी मालगाडी मरोदा स्टेशनात शिरताना शिटी वाजवते. गाडी येत असताना शिटी बारीक, चढ्या आवाजात ऐकू येते. इंजिन पुढून गेलं की तीच शिटी एकदम खाली उतरते. यालाच डॉप्लर परिणाम म्हणतात. क्रिस्तियान डॉप्लर या ऑस्ट्रियन प्राध्यापकाने 1842 साली ही गोष्ट कागदावर मांडली. तीन वर्षांनी बाइस बालो नावाच्या डच शास्त्रज्ञाने उत्रेख्तजवळ तिची परीक्षा घेतली. त्याने रेल्वेच्या उघड्या डब्यात तुतारीवाले बसवले, रुळांशेजारी सुरांचे पक्के कान असलेले वादक उभे केले आणि इंजिन पळवलं. डब्यातले एकच सूर धरून वाजवत होते, खालचे ऐकून सांगत होते की आता सूर किती चढला, किती उतरला. विज्ञानाच्या इतिहासात बँडवाल्यांना एवढा मान पुन्हा मिळाला नाही.

रडारची बंदूक हेच करते, फक्त तुतारीऐवजी रेडिओलहरी सोडते. लहर गाडीवर आपटून परत येते. गाडी बंदुकीकडे येत असेल तर परतलेल्या लहरीची कंपनं वाढलेली असतात. 24 गिगाहर्ट्झच्या रडारसमोरून ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला साधारण साडेचार हजार कंपनांचा फरक पाडते. तो फरक मोजला की वेग कळतो. लेझर बंदुकीची रीत वेगळी. ती डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे ठोके लागोपाठ सोडते आणि प्रत्येक ठोका परत यायला किती वेळ लागला ते बघते. 300 मीटरवरच्या गाडीला भिडून परत यायला प्रकाशाला सेकंदाचा पाच लाखावा भाग पुरतो. दर ठोक्याला अंतर किती कमी झालं यावरून वेग निघतो. तुम्हाला पोलीस दिसतो, तुमचा पाय ब्रेककडे जायला निघतो, आणि तो पोचायच्या आत यंत्राचं मोजून, लिहून, फोटो काढून झालेलं असतं. म्हणजे आपण जो करकचून ब्रेक मारतो तो निव्वळ श्रद्धेपोटी.

आमच्या ओळीत एक काका आहेत. कारखान्यात सारी नोकरी इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये गेली. जगातलं कुठलंही यंत्र चुकीचं दाखवतं आणि ते का चुकतं हे आपल्याला माहीत आहे, असा त्यांचा विश्वास. एकदा काकांच्या गाडीतून नागपूरला निघालो होतो. काका चालवत होते, काकू पुढे, मी मागे चिवड्याच्या डब्याशेजारी. साकोलीच्या अलीकडे रस्ता सरळ होता, दोन्हीकडे धानाची शेतं, ऊनही बरं. गाडी जरा जास्तच खुशीत आली. तेवढ्यात पुढे एक हवालदार रस्त्याच्या कडेला येऊन हात दाखवायला लागले. त्यांनी घाई केली नाही, शिटी मारली नाही. गाडी बाजूला लागल्यावर खाली वाकून म्हणाले,

"नमस्कार काकाजी. कुठून येऊन राह्यले?"

"भिलाई. मरोदा."

"बरं. एकशे चार."

"एकशे चार काय?"

"वेग. इथं ऐंशीचा बोर्ड हाय."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हे पाहून काकूंनी पर्समधून वाचायला घेतलेलं मासिक बाहेर काढलं. आता वेळ लागणार हे त्यांना अनुभवाने कळलं होतं.

"असं बघा," काका म्हणाले, "तुमचं यंत्र रस्त्याच्या कडेला उभं आहे. माझी गाडी येते सरळ, तुमचा किरण येतो तिरका. मधे कोन तयार होतो. त्याचा कोसाइन लागतो. म्हणजे रीडिंगमध्ये चूक आलीच पाहिजे. हे मी नाही म्हणत, गणित म्हणतं."

हवालदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. रोज शंभर कारणं ऐकणाऱ्या माणसाला एखादं नवं कारण आलं की बरं वाटत असावं.

"किती चुकते, काकाजी?"

"ते कोनावर आहे. थोडं तरी चुकणारच."

"आणि कोन्या बाजूनं चुकते? जास्त दाखवते का कमी दाखवते?"

काका थांबले. मासिकातलं पान उलटायचंही थांबलं. खोटं बोलायची काकांना सवय नाही, विशेषतः यंत्राच्या बाबतीत.

"कमी दाखवतं," काका म्हणाले.

"मंग तुम्ही एकशे चारच्या वरच होते," हवालदार म्हणाले. "पन आपन एकशे चारच लिहू. तेवढी सूट देऊन टाकू."

चलान झालं. पावती मोबाइलवर आली. पुढचे दहा किलोमीटर गाडीत कुणी बोललं नाही. मग काका म्हणाले, "हुशार होता माणूस." आणि नागपूरपर्यंत काटा 76 च्या वर गेला नाही. प्रतापनगरला पोचल्यावर मेहुण्यांनी विचारलंच, "किती तासांत?" काका म्हणाले, "वैज्ञानिक चर्चेचा वेळ धरून की सोडून?"

काकांचं कारण निदान अभ्यासाचं होतं. बाकी महामार्गावर जी कारणं चालतात त्यांत फारशी प्रतिभा दिसत नाही. दवाखान्यात माणूस सीरियस आहे, हे सर्वांत जुनं. मात्र गाडीच्या डिकीतून आहेराच्या पिशव्या बाहेर डोकावत असल्या की ते टिकत नाही. बायकोला लघवीला लागलीय, हे कारण बायको नाकारते. विमान चुकेल, हे राजनांदगावच्या आसपास सांगून उपयोग नाही. मग येते ओळख. आपला एक लांबचा भाचा पोलिसात आहे हे प्रत्येक मराठी माणसाला गाडी थांबवल्यानंतरच आठवतं. भाच्याला फोन लागतो, भाचा कामात असतो, आणि तो फोनवर काय म्हणाला हे आपण पोलिसाला सांगत नाही, कारण तो म्हणालेला असतो, "मामा, भरून टाका."

भिलाईकराकडे आणखी एक हत्यार असतं, भाषा. राज्याच्या सीमेवरच्या बाघनदीच्या अलीकडे थांबवलं तर तो हात जोडून म्हणतो, "साहेब, हमन तो इहें के अन." बाघनदीच्या पलीकडे थांबवलं तर तोच म्हणतो, "साहेब, आपण सगळे एकाच मातीतले. आमचे आजोबा तिरोड्याचे." राज्याची सीमा ओलांडताना टोलनाक्यावर फास्टॅगचा आवाज होतो, तेवढ्यात माणसाच्या तोंडातली बोली बदललेली असते. पोलीस दोन्हीकडचे ऐकून घेतात, हसतात आणि यंत्राच्या पडद्याकडे बोट दाखवतात. पडद्यावर आकडा असतो आणि आकड्याला आजोबा नसतात.

तरीही झाडाखालच्या माणसाचं एक बरं होतं. त्याच्याशी बोलता यायचं. दंड व्हायचा तो व्हायचाच, पण मन मोकळं व्हायचं. नव्या महामार्गांवर तीही सोय गेली. तिथं माणूस नाही, खांब आहे.

हा खांबावरचा कॅमेरा कुणाच्या डोक्यातून निघाला हे कळलं तर वेगाच्या भक्तांना वाईट वाटेल. मॉरिस गॅट्सोनिडेस हा डच मोटार-शर्यतवाला. 1953 ची मॉन्टे कार्लो रॅली त्याने जिंकली. वळणावर आपली गाडी नेमकी किती वेगाने जाते हे कळावं आणि पुढच्या खेपेला ती आणखी जोरात घेता यावी, म्हणून त्याने वेग मोजण्याचं यंत्र बनवलं. पोलिसांनी ते पाहिलं आणि त्यांना वेगळीच कल्पना सुचली. आज जगभर त्याच्या कंपनीचे कॅमेरे रस्त्यांवर उभे आहेत. वेग वाढवायला जन्माला आलेलं यंत्र वेग कमी करायच्या नोकरीला लागलं. सरकारी नोकरीत असं होतं.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै 2024 पासून कॅमेऱ्यांची मोठी व्यवस्था सुरू झाली आहे. रस्त्यावर आडव्या कमानी, कमानींवर कॅमेरे. ते नंबरप्लेट वाचतात, सीटबेल्ट बघतात, लेन मोडलेली ओळखतात. आणि वेग दोन तऱ्हेने पकडतात. एक, त्या जागेवरचा. दुसरा, सरासरी. सरासरीचा प्रकार आपल्या राष्ट्रीय स्वभावाला फार जाचक आहे. आपली पद्धत अशी की कॅमेरा दिसला की 98, आणि कॅमेरा मागे पडला की 130. पण सरासरीवाला कॅमेरा काही विचारतच नाही. पहिल्या कमानीखालून गाडी कधी गेली, दुसऱ्या कमानीखालून कधी गेली, मधलं अंतर किती, एवढं तो बघतो. मर्यादा 100 ची असेल तर 10 किलोमीटरला सहा मिनिटं लागायलाच हवीत. पाच मिनिटांत आलात म्हणजे मधे कुठंतरी 120 किंवा त्याहून जास्त झालं. कुठं झालं ते तुमचं तुम्ही आठवा.

टोलनाक्यांच्या वेळांवरून असाच हिशेब करण्याचा बेत याच रस्त्यावर 2019 सालीही जाहीर झाला होता. खालापूर ते उर्से हे अंतर 37 मिनिटांच्या आत कापलं तर दंड. ते ऐकून आमच्या एका पुणेकर भाच्याने ताबडतोब तोडगा काढला: जोरात जायचं आणि टोलनाक्याच्या अलीकडे थांबून वडापाव खायचा. म्हणजे जिवावर उदार होऊन वाचवलेली दहा मिनिटं वड्यावर खर्च करायची. यात आपण नेमकं काय कमावलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "वडा."

समृद्धी महामार्गाची गोष्ट आणखी निराळी. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि जून 2025 मध्ये शेवटचा. मोटारींना मर्यादा ताशी 120. सरळ, रुंद, मोकळा रस्ता. इतका सरळ की आपण 120 ने चाललोय हे कळत नाही, आणि 140 ने चाललोय हेही कळत नाही. हिशेब केला तर 120 ने सबंध रस्त्याला पाच तास पन्नास मिनिटं लागतात, 140 ने पाच तास. त्या पन्नास मिनिटांसाठी माणसं काय काय पणाला लावतात! 2023 मध्ये परिवहन खात्याने या रस्त्यावरच्या वाहनचालकांचं समुपदेशनही सुरू केलं होतं. दंड एक वेळ परवडला. पण मराठी माणसाला खुर्चीवर बसवून उपदेश ऐकवायचा आणि त्याने मधे बोलायचं नाही, ही शिक्षा कायद्यात कुठं बसते कोण जाणे.

खांबाच्या कॅमेऱ्याने मरोद्याच्या घरांत मात्र एक वेगळाच गोंधळ घातला आहे. इथली अर्धी मुलं पुण्यात. बाबांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली गाडी मुलगा घेऊन गेला. गाडी बाबांच्या नावावर, नंबर सीजी 07, मोबाइल बाबांचा. त्यामुळे मुलगा रविवारी लोणावळ्याकडे गेला की मरोद्यात मेसेज वाजतो. आमच्या शेजारी असाच एक मेसेज आला. लिंक उघडायला वेळ लागला, मग फोटो उघडला. कॅमेरा मोठा साफ होता. नंबर स्पष्ट, तारीख स्पष्ट, वेळ स्पष्ट, वेग 118. वडिलांनी दंडाचा आकडा बघितला. आईने फोन हातात घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि स्टिअरिंगवरून सरकवत शेजारच्या सीटवर नेला. तिथं एक मुलगी हसत बसली होती.

घरात बराच वेळ शांतता. मग आई म्हणाली, "तिने सीटबेल्ट लावलाय. मुलगी चांगल्या घरची दिसते."

वडिलांनी फोटो परत सरकवला. मुलाने लावला नव्हता. त्याचं वेगळं चलान खाली होतंच.

या सगळ्यात सरकारची एक गोष्ट मला फार आवडते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली 167अ हा नियम आला. त्यात म्हटलंय की जिथं कॅमेऱ्याने नजर ठेवली जाते, त्या रस्त्यावर आधी ठळक पाटी लावून तसं सांगायला हवं. यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं, ते दरवर्षी नवं करायला हवं. चलानची नोटीस 15 दिवसांत पाठवायला हवी. म्हणजे 'पुढे तुम्हाला पकडण्यात येणार आहे' असं सरकार हातभर अक्षरांत लिहून कळवतं, आणि तरी आपण पकडले जातो. जगात दुसऱ्या कुठल्या गुन्ह्याला एवढी सवलत नाही. गाडीही सांगते. जुलै 2019 पासून नव्या मोटारींत 80 च्या वर गेलं की अधूनमधून बीप वाजतो आणि 120 च्या वर सतत. त्यावर आपला उपाय ठरलेला आहे. आपण गाण्याचा आवाज वाढवतो.

आमच्या छत्तीसगडात अजून एक यंत्रणा काम करते, तिला वीज लागत नाही आणि प्रमाणपत्रही लागत नाही. पावसाळ्यात जमीन ओली झाली की गाईगुरं कोरड्या डांबरावर येऊन बसतात, थेट दुभाजकाशेजारी, रवंथ करत. 2020 साली सरकारने मोकाट जनावरं आवरायला 'रोका-छेका' मोहीम काढली, बिलासपूरच्या उच्च न्यायालयानेही रस्त्यावरच्या गुरांची दखल घेतली, पण गाईंपर्यंत अजून आदेश पोचलेला दिसत नाही. जी पोरं पोलिसाला बघून वेग कमी करत नाहीत ती गाईला बघून पहिल्या गिअरवर येतात. तिला भाच्याचं नाव सांगता येत नाही. हॉर्न वाजवला तर ती मान वळवून बघते आणि पुन्हा समोर बघते. रात्रीच्या अंधारात मात्र हा विनोद उरत नाही. त्यात गाईही मरतात आणि माणसंही.

म्हणून थोडं आकड्यांवर येतो. केंद्राच्याच अहवालाप्रमाणे 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतल्या शंभरांमागे एकाहत्तर मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर लिहिलेले आहेत. ताशी 100 ने जाताना पाय ब्रेकवर पोचायच्या आतच गाडी 28 मीटर पुढे गेलेली असते, आणि थांबेपर्यंत आणखी पन्नासेक मीटर. तेवढ्या अंतरात एक अख्खं लग्नाचं वऱ्हाड रस्ता ओलांडू शकतं. 1988 च्या मूळ कायद्यात पहिल्या अतिवेगाला 400 रुपयांपर्यंत दंड होता. 2019 च्या दुरुस्तीनंतर हलक्या गाडीला 1000 ते 2000, मोठ्या गाडीला 2000 ते 4000. एवढी वाढ होऊनही लोक लोकअदालतीची तारीख बघून बसतात, तिथं चलान कमी करून मिळेल म्हणून. वेगाच्या साऱ्या प्रकरणात अजिबात घाई नसलेलं हे एकच काम.

आता मरोदा ते नागपूरचा हिशेब सांगतो. सरासरी 80 ने गेलात तर सव्वातीन तास. 100 ने गेलात तर दोन तास छत्तीस मिनिटं. वाचली एकोणचाळीस मिनिटं. एवढ्या वेळात मावशीच्या घरी काय होतं हे मी अनेकदा पाहिलेलं आहे. तुम्ही लवकर आलात म्हणून पोहे अजून भिजायचे असतात, काका आंघोळीला गेलेले असतात, आणि तुम्ही दिवाणावर बसून परवाचा पेपर वाचता.

तेव्हा पाऊण तास आधी निघा आणि बोर्डावर जे लिहिलंय त्या वेगाने जा. 'किती तासांत आलात' म्हणून कुणी विचारलं तर जेवणाच्या वेळेसकट खरी वेळ सांगा. विचारणारा स्वतःही तेवढ्याच वेळात येतो. आणि जुनं चलान पडलं असेल तर लोकअदालतीची वाट न बघता भरून टाका. खांबाला कितीही समजावलं तरी तो ऐकणार नाही.